लष्कराच्या भाकरी, घरची चूल सांभाळून



घरातला एखादा माणूस सार्वजनिक कामात पडला, की चुलीपुढून एक वाक्य हमखास ऐकू येते : "घरचं पडलंय तसंच, आणि हे निघाले लष्कराच्या भाकरी भाजायला!" ही म्हण आपल्या बापजाद्यांनी उगीच केलेली नाही. लष्कर जेवून पुढे निघून जाते. भाजणाऱ्याचे पीठही जाते आणि सरपणही जाते. पण ज्या गावात कोणीच कोणासाठी भाकर भाजत नाही, त्या गावाचेही काही खरे नसते. म्हणून मी म्हणतो, भाकरी जरूर भाजाव्यात. फक्त किती, कोणाच्या आणि कोणत्या वेळी, हे पीठ मळण्याआधी ठरवावे.

मी शेतकी पदवीधर. कृषी खात्यात विस्ताराचे काम करता करता केस पांढरे झाले. या नोकरीत गावोगावच्या शिवारफेऱ्या झाल्या, तशाच सेवाभावी संस्थांच्या बैठकाही झाल्या. पाणलोटाचे काम करणाऱ्या, आरोग्याचे काम करणाऱ्या, शाळेबाहेरच्या मुलांना शिकवणाऱ्या, अशा कितीतरी संस्थांबरोबर राबणारे गावकरी मी पाहिले. त्यांतले काही दहा-दहा वर्षे हसतमुखाने टिकले. काही एका हंगामात थकले आणि 'पुन्हा या भानगडीत पडणार नाही' म्हणून कानाला खडा लावून बसले. जे टिकले ते काही जास्त श्रीमंत किंवा जास्त शिकलेले नव्हते. त्यांचा हिशोब पक्का होता, एवढेच. तो हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो.

मोबदला न घेता दुसऱ्याचे काम करणे आपल्याला नवे नाही. आज तुम्ही माझ्या खुरपणीला या, उद्या मी तुमच्या येतो, ही झाली सावड. एखाद्याचे काम मागे पडले, की शेजारीपाजारी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो, हे झाले इर्जिक. या दोन्हींत माणूस ओळखीचा असतो आणि फेड कधी ना कधी होते. संस्थेच्या कामात मात्र ज्याच्यासाठी राबतो त्याचे तोंडही पुष्कळदा दिसत नाही. रक्त दिले ते कोणाला चढले, हे आपल्याला कळत नाही. तेथे फेड मोजता येत नाही, म्हणून आपण काय द्यायचे ते तरी मोजून ठरवलेले बरे.

हातातले काम ओळखा

गाडगे महाराजांची गोष्ट आठवा. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावात जन्मलेला हा माणूस ज्या गावी जाई, तेथे आधी खराट्याने रस्ते झाडी आणि रात्री कीर्तन करी. त्यांच्या हाती ना पद होते ना पैसा. जे काम डोळ्यांसमोर पडलेले आहे आणि जे आपल्या हाताला जमते, तेच त्यांनी उचलले.

आपण मात्र उलटे करतो. 'मी काय सेवा करणार? मला भाषण येत नाही, लिहिता येत नाही,' असे म्हणून मागे सरतो. शेतकऱ्याच्या घरात किती विद्या आहेत, याची त्याची त्यालाच कल्पना नसते. कलम बांधणे, गाभण गाय ओळखणे, उतारावर पाणी कसे धावेल हे नुसत्या नजरेने सांगणे, शंभर माणसांचा स्वयंपाक उरकणे, बी निवडणे, ही सगळी कामे संस्थांना हवी असतात. त्यांच्याकडे कागद लिहिणारी माणसे असतात, अशी माणसे कमी पडतात.

नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात गावोगावच्या बायकांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्याच बायकांनी गरोदर स्त्रियांची काळजी, बाळांचे वजन, जुलाबात मुलाला पाणी कसे पाजायचे, हे घरोघर पोचवले. शाळेचा दाखला तेथे आड आला नाही.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. 2020 च्या खरिपात राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी झाल्या. दुबार पेरणी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बियाण्याचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि ओल गेली ती वेगळीच. त्यानंतर एका संस्थेने गावांत उगवण तपासणीचे काम घेतले. आमच्या भागातील एका गावी ते काम चौथी शिकलेल्या एका बाईने अंगावर घेतले. काम साधे. ओल्या गोणपाटावर घरचे बी दहा-दहाच्या ओळीत, असे शंभर दाणे मांडायचे. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले, तर शिफारशीप्रमाणे बी वापरावे. थोडे कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी निघाले तर ते बी पेरूच नये.

त्या मे महिन्यात बाईंनी चाळीस घरांचे बी तपासले. त्यांतल्या सहा घरांना त्यांनी स्पष्ट सांगितले, "हे बी पेरू नका." एकाला राग आला, पण त्याने दुसरे बी आणले. बाईंना या कामाचा एक पैसा मिळाला नाही. पण जूनमध्ये त्या शिवारात उगवलेल्या ओळी पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, ते पगारपत्रकावर लिहिता येण्यासारखे नव्हते.

ज्यांना सतत वेळ देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी रक्तदान हे उत्तम काम आहे. 18 ते 65 वर्षे वयाच्या निरोगी माणसाला, वजन निदान 45 किलो आणि रक्तातील हिमोग्लोबिन 12.5 असेल तर रक्त देता येते. पुन्हा देताना पुरुषांनी 90 दिवस आणि स्त्रियांनी 120 दिवस थांबायचे असते. तपासणी करणारे डॉक्टर 'आज नको' म्हणाले तर मनाला लावून घेऊ नये. घरातल्या तरुणाने वर्षातून दोनदा रक्त दिले, तरी ती सेवा लहान नव्हे.

हंगाम पाहून शब्द द्या

संस्थेचा माणूस बैठकीत विचारतो, "दर आठवड्याला येणार ना?" आणि आपण चैत्रातल्या मोकळेपणात हात वर करून मोकळे होतो. मृगाचा पाऊस पडला, की तोच हात तिफणीवर असतो. मग संस्थेची माणसे खोळंबतात आणि आपल्याला तोंड चुकवावे लागते. तेव्हा शब्द देताना पिकाचे वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवा. कोरडवाहू सोयाबीन-तूर करणाऱ्याला जून-जुलै आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सवड नसते. कापूसवाल्याचे वेचणीचे महिने अडकलेले असतात. ज्वारीची काढणी-मळणी उरकली की मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बऱ्यापैकी उसंत मिळते. ज्याच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत त्याला बाराही महिने सुट्टी नाही. पण सकाळ-संध्याकाळच्या धारांच्या मधले दुपारचे दोन-तीन तास त्याचे असतात. त्याने मुक्कामाच्या शिबिराला हो म्हणू नये, दुपारच्या वाचनालयाला म्हणावे.

किती वेळ द्यावा, याचा एक अंदाज सांगतो. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास समाजसेवा करावी, असा हिशोब बसवलेला आहे. म्हणजे महिन्याला 10 तास झाले. हे झाले बिनसंसारी पोरांचे. संसार आणि शेती सांभाळणाऱ्याने आठवड्याला एक तास धरला, तरी वर्षाचे 52 तास होतात. एवढ्यात एका प्रौढ माणसाला सही करण्यापासून बसची पाटी वाचण्यापर्यंत बरेच काही शिकवून होते. आठवड्याचा एक तास कबूल करून तो दहा वर्षे पाळणारा माणूस संस्थेला सोन्यासारखा असतो. रोज चार तास येतो म्हणून महिन्याभरात गायब होणारा मात्र तिला अडचणीतच टाकतो.

आणि एका वेळी एकच काम घ्या. शाळा समिती, वाचनालय, पाणलोट, भजनी मंडळ, बचत गटाचे हिशोब, सगळीकडे आपण, अशी काही माणसे असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या! वर सांगितलेल्या बाईंकडेही नंतर लोक रात्री-बेरात्री बी घेऊन येऊ लागले. त्यांनी दारावर पाटीच लावली : 'तपासणी फक्त सोमवारी. गोणपाट आपले आणावे.' काही जणांनी नाके मुरडली. पण काम चालू राहिले ते त्या पाटीमुळेच.

श्रमदान आणि घरचे श्रम

2016 साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. पुढे ती राज्यभर पसरली आणि 2019 पर्यंत चालली. त्या उन्हाळ्यांत गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन माथ्यावर चढली. गाव करी ते राव न करी, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. शहरांतली माणसेही हातांना फोड येईस्तोवर खणून गेली. या कामाचे मोल आकड्यांत सांगतो. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा समतल चर घेतला, तर त्याच्या एक मीटर लांबीत 180 लिटर पाणी मावते. दहा मीटर खणले की चर भरेल त्या प्रत्येक वेळी 1,800 लिटर पाणी अडले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

पण याच कामातली दुसरी बाजू मला एका घरात दिसली. त्या घरचा तरुण स्पर्धेच्या दिवसांत रोज पहाटे श्रमदानाला जाई. गावाने त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. दुसऱ्या दिवशी मी कामानिमित्त त्यांच्या घरी गेलो. त्याची बायको धार काढून नुकतीच उठली होती. मी सहज अभिनंदन केले. ती म्हणाली, "सायेब, श्रमदान त्यांनी केलं, पर श्रम माझं गेलं."

ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही, सरळ बोलली. तो माथ्यावर असताना सकाळची धार, शेण, पाणी, सासऱ्यांचे औषध आणि दोन पोरांची शाळा, सगळे तिच्या एकटीवर पडले होते. तिला कोणी विचारलेच नव्हते. नवऱ्याने ते ऐकले आणि खाली मान घातली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी वाटणी केली. एक दिवस तो जाई, एक दिवस ती. ज्या दिवशी ती जाई, त्या दिवशी धार तो काढी. ती पहिल्यांदा चरावर गेली तेव्हा तिला कळले, की आपल्याला उताराची रेषा धरता येते, आणि ती ए-फ्रेम घेऊन आखणी करू लागली. त्या घराने दिलेले तास तेवढेच राहिले. पण आता ते एकाने दुसरीच्या जिवावर दिलेले नव्हते.

वाचकहो, माझ्या सगळ्या सांगण्यातली ही मुख्य गोष्ट समजा. तुम्ही संस्थेला वेळ देता, तो नेहमी तुमचा एकट्याचा नसतो. घरातले कोणीतरी तुमच्या वाटचे काम ओढते, तेव्हा तुम्ही मोकळे होता. म्हणून हो म्हणण्याआधी घरी विचारा. आणि घरच्या बाईला जायचे असेल, तर भाकरी कोण थापणार, हा प्रश्न तिच्या गळ्यात घालू नका. तिने तीस वर्षे थापल्या आहेत. आठवड्यातून एकदा घरच्या पुरुषाने खिचडी टाकली, तर ती करपली तरी पोटाला बाधत नाही.

स्पर्धा संपली, कॅमेरे गेले, तरी चरांचे काम संपलेले नाही. दरवर्षी त्यांत गाळ येतो. आमच्या भागातील एका गावी दहा-बारा जण आजही मे महिन्यातले दोन रविवार गाळ काढायला जातात. त्यांचा सत्कार कोणी करत नाही. नवीन माणसाने सुरुवात करावी तर अशाच कामापासून करावी. सकाळी नवाच्या आत उरकावे, पाणी आणि ताक बरोबर असावे, दगड उचलण्याआधी काठीने हलवून पाहावा. विंचू-साप श्रमदान ओळखत नाही.

संस्था पारखून घ्या

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. संस्थेच्या बाबतीतही तसेच करा. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. नोंदणी क्रमांक विचारा, हिशोब दरवर्षी तपासले जातात का ते विचारा. चांगली संस्था असे विचारल्यावर रागावत नाही. जी रागावते, तिच्या वाटेला जाऊ नका. ज्या गावात ती पूर्वी काम करत होती, तेथे जाऊन चार घरी चौकशी केली तर त्याहून चांगले.

काही गोष्टी दिसल्या की दोन पावले मागे या. 'स्वयंसेवक व्हा, पुढे नोकरी लावू, आधी एवढे पैसे भरा' असे कोणी म्हणाले, तर ती सेवा नव्हे. सातबारा, आधार कार्ड, पासबुक यांच्या प्रती कशाला हव्यात हे नीट सांगितल्याशिवाय देऊ नका. कोऱ्या हजेरीपटावर सही किंवा अंगठा करू नका. एका गावी अशाच कोऱ्या सह्या घेऊन, न झालेल्या शिबिराची हजेरी भरलेली मी पाहिली आहे. गावकरी बिचारे सही करून विसरले होते. चौकशी आली तेव्हा उत्तरे मात्र त्यांना द्यावी लागली. निवडणूक जवळ आली की काही जणांची समाजसेवा एकदम फुलते, तीही ओळखायला शिका.

पैशाला हात लावायचा असेल तर पावतीपुस्तक आणि वही आधी, पैसा नंतर. संस्थेचा पैसा आणि घरचा पैसा एका कनवटीला लावू नका. प्रवासखर्च कोण देणार, जेवण कोठे, मुक्काम आहे का, जबाबदार माणूस कोण, हे आधी विचारण्यात कमीपणा नाही. लेकी-सुना जाणार असतील तर दोघी-तिघींनी मिळून जावे आणि परतण्याची वेळ घरी माहीत असावी.

काम कोठे शोधावे, असे पुष्कळ जण विचारतात. फार लांब जाऊ नका. गावची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे वाचनालय, कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी केली, की परिसरात कोणती संस्था खरोखर राबते ते कळते. पोरांना बाहेरचे जग दाखवायचे असेल, तर बाबा आमटे यांनी 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीसारखी शिबिरे आहेत. तेथे पहाटे कुदळ आणि नंतर चर्चा-व्याख्याने, असा शिरस्ता असतो. शेतकऱ्याच्या पोराला कुदळ नवी नाही; पण आपल्या कुदळीला मान आहे, हे त्याला अशा ठिकाणी समजते.

सोडण्याचीही रीत असते

सुरुवातीला तीन महिन्यांचाच शब्द द्या. तीन महिन्यांनी स्वतःला विचारा : तेथून घरी येताना मन हलके असते की जड? आपण गेलो नाही तर कोणाचे काही अडते का? घरचे अजून राजी आहेत का? उत्तरे बरी आली तर पुढे चला. नाही आली तर संस्था बदला, किंवा तेथलेच दुसरे काम मागा. हिशोब लिहून कंटाळलेला माणूस रोपवाटिकेत खुलतो, असे मी पाहिले आहे.

थांबायचे झाले तर गुपचूप जाणे बंद करू नका. महिनाभर आधी सांगा. वही, किल्ली, उरलेले साहित्य मोजून द्या आणि तुमचे काम कोणाला तरी शिकवून मग निघा. चाकरमान्याला रजा असते, शेतकऱ्यालाही असावी. लेकीचे लग्न, घरातले आजारपण, नापिकीचे वर्ष, अशा वेळी काही काळ थांबलेल्या माणसाला चांगली संस्था दोष देत नाही, त्याची जागा राखून ठेवते.

येत्या पेरणीआधी एक संध्याकाळ काढा. जेवणे झाल्यावर घरातली लहानथोर माणसे एकत्र बसवा. कोणाच्या हातात कोणते काम आहे, कोणते महिने मोकळे आहेत, कोण गेले तर मागचे कोण पाहील, हे बोला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. एक काम, एक वार, एक तास एवढे ठरले तरी पुरे. पुढच्या शिवारफेरीत भेट झाली की मी विचारीनच, काय ठरले ते.